एलियास फाइल बरोबर, तरी लिस्टचे मेल परत: घोडं नेमकं कुठे अडतं?

प्रश्नाचा सारांश असा. पोस्टफिक्स (मेल घेणारा आणि पोचवणारा प्रोग्राम) आणि मेलमन २.१ (मेलिंग लिस्टा चालवणारा) एकाच सर्व्हरवर आहेत आणि लिस्टा बरीच वर्षं सुरळीत चालत होत्या. मध्यंतरी सगळ्यांचे मेलबॉक्स डवकॉटकडे (मेलबॉक्स सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे) नेले आणि डोमेन व्हर्च्युअल केलं, म्हणजे पत्ते सर्व्हरवरच्या खात्यांऐवजी वेगळ्या तक्त्यात ठेवले. तेव्हापासून माणसांचे मेल व्यवस्थित येतात, पण लिस्टच्या पत्त्यावर पाठवलेलं प्रत्येक पत्र ‘५५० ५.१.१ यूजर अननोन इन व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल’ असं म्हणत परत जातं. एलियास फाइल (कुठल्या नावाचं पत्र कुठे द्यायचं याची यादी) डोळ्यांत तेल घालून तपासली, न्यूएलियासेस (त्या फाइलचा तक्ता पुन्हा बनवणारी आज्ञा) चालवलं, सर्व्हर रीस्टार्ट केला, फरक शून्य. मधल्या एका खटपटीत लिस्टला पत्र पोचलं, पण नव्या सदस्यांनी सदस्यत्वाच्या पुष्टीसाठी पाठवलेले होकार परत यायला लागले.

(आज्ञा आणि सेटिंगांची नावं मी उच्चारावरून लिहितो आहे, टर्मिनलमध्ये ती अर्थातच मूळ रोमन अक्षरांत टाका. लिस्टचं नाव ‘चर्चा’ आणि डोमेन ‘उदाहरण.कॉम’ धरतो.)

निदान त्या एररमध्येच आहे. ‘इन व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल’ याचा अर्थ पोस्टफिक्सने हा पत्ता व्हर्च्युअल मेलबॉक्सांच्या तक्त्यात शोधला आणि तो तिथे सापडला नाही. /ईटीसी/एलियासेस, म्हणजे तुमची एलियास फाइल, त्याने उघडलीसुद्धा नाही. त्या फाइलमध्ये काहीही लिहा, न्यूएलियासेस दिवसभर चालवत बसा, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असाच प्रकार होणार. म्हणून एलियासच्या कुठल्याही तक्रारीत माझा पहिला प्रश्न ‘फाइलमध्ये काय लिहिलंय’ हा नसतो. ‘ही फाइल या पत्त्यासाठी वाचतंय कोण’ हा असतो.

पोस्टफिक्समध्ये ‘एलियास’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. पहिली एलियास_मॅप्स. ही फक्त लोकल नावाचा प्रोग्राम वाचतो, तेही पत्र अगदी शेवटी पोचवायच्या वेळी. आणि लोकलच्या हातात पत्र जातं ते फक्त मायडेस्टिनेशनमध्ये (सर्व्हरने स्वतःची मानलेल्या डोमेनांच्या यादीत) असलेल्या डोमेनांचं. दुसरी व्हर्च्युअल_एलियास_मॅप्स. ही क्लीनअप नावाचा प्रोग्राम वाचतो, पत्र आत येताना, रांगेत जाण्याआधी, आणि डोमेन कुठलंही असलं तरी वाचतो. फरक एवढ्यावर थांबत नाही. पाइप लावून एखादी आज्ञा चालवणं, म्हणजे पत्र थेट एखाद्या प्रोग्रामच्या हातात देणं, पहिलीतच शक्य आहे. दुसरीत फक्त एका पत्त्याच्या जागी दुसरा पत्ता येऊ शकतो. मेलमन २.१ ला पत्र मिळतं ते पाइपमधूनच. त्यामुळे त्याची ओळ व्हर्च्युअल फाइलमध्ये जशीच्या तशी चिकटवून उपयोग नाही, आणि एलियासेसमध्ये ठेवली तर डोमेन लोकल नसल्यामुळे ती कुणी वाचत नाही. डोमेन मायडेस्टिनेशनमधून व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्समध्ये हलवल्यावर तुमचं नेमकं हेच झालं. फाइल होती तिथेच राहिली, वाचणारा बदलला.

एररचे शब्द बदलले की आजारही बदलतो, म्हणून ते नीट वाचा. ‘लोकल रेसिपियंट टेबल’ असेल तर डोमेन लोकल आहे, पण लिस्टची फाइल एलियास_मॅप्समध्ये नाही, किंवा कुणीतरी लोकल_रेसिपियंट_मॅप्स हाताने लिहून त्यात ती फाइल घालायला विसरलंय. ‘व्हर्च्युअल एलियास टेबल’ असेल तर डोमेन व्हर्च्युअल_एलियास_डोमेन्समध्ये आहे आणि त्या पत्त्याची ओळ नाही. ‘रिले रेसिपियंट टेबल’ असेल तर डोमेन रिले_डोमेन्समध्ये (दुसरीकडे पुढे पाठवायच्या डोमेनांच्या यादीत) जाऊन बसलंय. ही चौथी तऱ्हा मेलमन ३ वर गेल्यावर जास्त दिसते.

आता लॉग बघा. तिथे दोन जातीच्या ओळी मिळतील. एक ‘नोक्यू: रिजेक्ट’ अशी. म्हणजे पत्र दारातच नाकारलं, ते तुमच्या रांगेत कधी आलंच नाही. दुसरी साधारण अशी:

पोस्टफिक्स/लोकल: टू=<चर्चा@लोकलहोस्ट>, ओरिग_टू=<चर्चा@उदाहरण.कॉम>, रिले=लोकल, डीएसएन=२.०.०, स्टेटस=सेंट (डिलिव्हर्ड टू कमांड: …/मेलमन पोस्ट चर्चा)

या एका ओळीत सगळी कुंडली आहे. ‘ओरिग_टू’ म्हणजे पाठवणाऱ्याने लिहिलेला पत्ता, ‘टू’ म्हणजे व्हर्च्युअल एलियासमधून गेल्यावर झालेला पत्ता. ‘रिले’ सांगतो की शेवटी पत्र कुणाच्या हातात पडलं. लिस्टच्या पत्त्यासमोर ‘रिले=लोकल’ हवं. तिथे ‘व्हर्च्युअल’ दिसलं, किंवा चौकटी कंसात डवकॉटच्या एलएमटीपी (पत्र पुढच्या प्रोग्रामकडे सोपवण्याची पद्धत) सॉकेटचं नाव दिसलं, तर पत्र चुकीच्या माणसाकडे गेलंय आणि एलियास फाइल पाहत बसण्यात अर्थ नाही. उलट ‘डिलिव्हर्ड टू कमांड’ दिसलं, तर एलियासचं काम तिथे संपलं. पुढे लिस्टवर पत्र दिसत नसेल तर ते मेलमनच्या पोटात आहे. मेलमनचे व्हेट आणि एरर हे लॉग आणि शंट रांग (मेलमनला हाताळता न आलेली पत्रं) तपासा. मॉडरेटरच्या मंजुरीसाठी अडकलेलं पत्र आणि एलियासमुळे हरवलेलं पत्र सदस्याला सारखंच दिसतं, म्हणून एवढं सांगतोय.

दुरुस्तीला हात लावण्याआधी मेन.सीएफमध्ये (पोस्टफिक्सच्या सेटिंगांच्या फाइलमध्ये) सॉफ्ट_बाउन्स = यस करा आणि पोस्टफिक्स रीलोड करा. यामुळे पाचशेच्या घरातले कायमचे नकार चारशेच्या घरातले, म्हणजे ‘नंतर पुन्हा प्रयत्न करा’ असे होतात. तुमच्या प्रयोगांची किंमत मग बाहेरच्या लोकांना मोजावी लागत नाही. लिस्टचं काम असेल तर मी हे न करता काही बदलतच नाही, कारण एका चुकीच्या ओळीमुळे शेकडो सदस्यांची बाउन्सं (परत आलेली पत्रं) एकदम उसळू शकतात.

मग पोस्टकॉन्फ -एन चालवा, ते लागू असलेली सेटिंगं छापून देतं. मेन.सीएफ डोळ्यांनी वाचण्यापेक्षा हे बरं, कारण एकच सेटिंग फाइलमध्ये दोनदा असेल तर शेवटची ओळ जिंकते, आणि वरची बघून आपण खूश असतो. नव्या आवृत्त्यांत पोस्टकॉन्फ ‘ओव्हररायडिंग अर्लियर एंट्री’ असा इशाराही देतो. मायडेस्टिनेशन, मायओरिजिन, व्हर्च्युअलने सुरू होणाऱ्या सगळ्या ओळी, एलियास_मॅप्स, एलियास_डेटाबेस, रेसिपियंट_डिलिमिटर एवढ्या बाजूला काढा.

दुरुस्तीचे मार्ग दोन. तिसरा म्हणजे तेच डोमेन मायडेस्टिनेशनमध्येही टाकायचं आणि व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्समध्येही ठेवायचं. हे बरेच जण करून बघतात. करू नका. पोस्टफिक्स लॉगमध्ये ‘दोन्हीकडे एकच डोमेन लिहू नका’ असं बजावतो, आणि मग एक तर मेलबॉक्स चालतात नाही तर लिस्टा.

पहिला मार्ग, आणि माझ्या मते खरा मार्ग, म्हणजे लिस्टांना वेगळं उपडोमेन देणं: लिस्ट्स.उदाहरण.कॉम. त्याचं एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरने घ्यायचे ही नोंद) याच सर्व्हरकडे वळवायचं आणि ते मायडेस्टिनेशनमध्ये घालायचं. मग तिथे लोकल, एलियास_मॅप्स, पाइप हे सगळं पूर्वीसारखं चालतं आणि माणसांच्या डोमेनशी त्याचा संबंध उरत नाही. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या प्रेषकाची ओळख तपासणाऱ्या पद्धतींची धोरणंही लिस्टांपुरती वेगळी ठेवता येतात. अडचण एकच: जुने पत्ते लोकांच्या वहीत आहेत. त्यासाठी जुना पत्ता नव्याकडे वळवणारी ओळ व्हर्च्युअल फाइलमध्ये ठेवावी लागते, आणि लिस्टच्या सेटिंगमध्ये जुना पत्ताही मान्य पत्त्यांत घालावा लागतो. नाही तर मेलमन ‘पत्त्यात लिस्टचं नाव नाही’ म्हणून ते पत्र मंजुरीसाठी रोखून ठेवतो.

दुसरा मार्ग म्हणजे डोमेन तेच ठेवून व्हर्च्युअल एलियासच्या शिडीने लोकलपर्यंत उतरायचं. म्हणजे व्हर्च्युअल फाइलमध्ये

चर्चा@उदाहरण.कॉम    चर्चा@लोकलहोस्ट

अशी ओळ, आणि लोकलहोस्ट मायडेस्टिनेशनमध्ये असल्याची खात्री. क्लीनअप पत्ता बदलतो, लोकल पत्र घेतो, एलियासेसमधली पाइपची ओळ त्याला सापडते. दारावरची तपासणीही व्हर्च्युअल_एलियास_मॅप्स बघते, त्यामुळे ५५० आपोआप थांबतो.

पण एका लिस्टसाठी एक ओळ पुरत नाही. मेलमन २.१ मध्ये प्रत्येक लिस्टचे १० पत्ते असतात: खुद्द चर्चा, आणि तिला अ‍ॅडमिन, बाउन्सेस, कन्फर्म, जॉइन, लीव्ह, ओनर, रिक्वेस्ट, सबस्क्राइब, अनसबस्क्राइब ही शेपटं लागून झालेले नऊ. दहाच्या दहा दोन्ही फाइलींत हवेत. हाताने लिहिणारे बहुधा बाउन्सेस गाळतात, कारण त्याच्यावाचून लिस्ट चाललेली दिसते. पण लिस्टवरून गेलेल्या पत्रांचा लिफाफ्यावरचा प्रेषक (नाकारलेलं पत्र ज्या पत्त्यावर परत जातं तो) बाउन्सेस हाच पत्ता असतो. तो बंद असला की बंद पडलेल्या खात्यांची परत आलेली पत्रं मेलमनला कळतच नाहीत, मृत सदस्य लिस्टवर तसेच राहतात, आणि बाहेरचे सर्व्हर तुमच्याकडे संशयाने बघू लागतात. हे कळतं फार उशिरा.

हात दुखवण्यापेक्षा मेलमनलाच कामाला लावा. एमएम_सीएफजी.पीवाय या मेलमनच्या सेटिंगांच्या फाइलमध्ये एमटीए = ‘पोस्टफिक्स’ लिहा, पोस्टफिक्स_स्टाइल_व्हर्च्युअल_डोमेन्समध्ये तुमचं डोमेन घाला, आणि मेलमनच्या बिन फोल्डरमधला जेनएलियासेस चालवा. डेटा फोल्डरमध्ये एलियासेस आणि व्हर्च्युअल-मेलमन अशा दोन फाइली तयार होतील. पहिली एलियास_मॅप्समध्ये जोडायची, दुसरी व्हर्च्युअल_एलियास_मॅप्समध्ये. पुढे लिस्ट बनवली किंवा काढली की मेलमन त्या स्वतः अद्ययावत करतो.

इथे एक खड्डा आहे आणि तुम्ही त्यात पडण्याची शक्यता दाट आहे. व्हर्च्युअल-मेलमनमध्ये उजवीकडे नुसतं ‘चर्चा’ असं लिहिलेलं असतं, पुढे डोमेन नसतं. डोमेन नसलेल्या पत्त्याला पोस्टफिक्स मायओरिजिन चिकटवतो. तुमचं मायओरिजिन उदाहरण.कॉम असेल, तर चर्चा@उदाहरण.कॉम चा अर्थ पुन्हा चर्चा@उदाहरण.कॉम असाच होतो. पत्ता स्वतःकडेच वळला, म्हणजे वळलाच नाही. आता दारावर तो वैध ठरतो, पत्र आत येतं, आणि मग डवकॉट म्हणतो, असा कुणी माणूस नाही. एरर बदललेला पाहून वाटतं प्रगती झाली. प्रत्यक्षात आगीतून फुफाट्यात. यावर मेलमनमध्ये व्हर्च्युअल_मेलमन_लोकल_डोमेन हे सेटिंग आहे. त्यात ‘लोकलहोस्ट’ लिहून जेनएलियासेस पुन्हा चालवा, उजवी बाजू पूर्ण पत्त्याची होईल.

फाइली झाल्या की पोस्टफिक्सला काय दिसतं ते त्यालाच विचारायचं. व्हर्च्युअलसाठी पोस्टमॅप -क्यू आणि पूर्ण पत्ता, पुढे तक्त्याचं नाव. उत्तरात उजवी बाजू आली तर ठीक. काहीच आलं नाही तर ओळ नाही. एलियाससाठी पोस्टएलियास -क्यू. पण इथे फक्त ‘चर्चा’ विचारायचं, ॲटनंतरचं डोमेन लावायचं नाही, कारण एलियास फाइलमध्ये नावं डोमेनशिवाय असतात. पूर्ण पत्ता विचारून रिकामं उत्तर आलं म्हणून फाइलच फेकून देणारे लोक मी पाहिलेत. शेवटी सेंडमेल -बीव्ही आणि पत्ता द्या. पोस्टफिक्स खरं पत्र न पाठवता तो पत्ता कुठपर्यंत जातो याचा अहवाल तुमच्या खात्यात मेलने पाठवतो. (पोस्टफिक्सऐवजी एक्झिम असेल तर याच कामाला एक्झिम -बीटी आहे, आणि ते जास्त सुबक आहे: कुठल्या राउटरने पत्ता उचलला आणि कुठल्या ट्रान्सपोर्टला दिला हे तिथल्या तिथे छापून देतं.)

उत्तर रिकामं आलं आणि फाइलमध्ये ओळ तर डोळ्यांसमोर दिसतेय, असं झालं तर सर्वांत आधी त्या ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा बघा. पोस्टफिक्सच्या फाइलींत जागा सोडून सुरू झालेली ओळ ही मागच्या ओळीचाच पुढचा भाग मानली जाते. कुठूनतरी नक्कल केलेल्या दहा ओळी दोन जागा आत सरकून चिकटल्या, की त्या दहाही वरच्या नोंदीत मुरतात. ती वरची नोंद पोस्टमास्टरची असेल तर पोस्टमास्टरचे मेल भलतीकडे जातात आणि लिस्ट मात्र अस्तित्वातच नसते. नक्कल करताना सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होणं हाही त्यातलाच प्रकार. पाइपची आज्ञा सरळ दुहेरी अवतरणात हवी, आणि अवतरण पाइपच्या उभ्या रेघेआधी सुरू व्हायला हवं.

नंतर बघायचं ते हे की फाइलचं रूपांतर कुठल्या आज्ञेने केलं. एलियास फाइलमध्ये नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबं असतात, व्हर्च्युअल फाइलमध्ये नसतात. पहिलीला पोस्टएलियास, दुसरीला पोस्टमॅप. उलट केलं तर टिंबांसकट नाव हीच किल्ली बनते आणि शोध फसतो. पोस्टमॅप त्याबद्दल इशारा देतो, पण तो वाचायला हवा. आणि न्यूएलियासेसवर आंधळा विश्वास नको. ते फक्त एलियास_डेटाबेसमध्ये लिहिलेल्या फाइलींचं रूपांतर करतं. एलियास_मॅप्स म्हणजे वाचायच्या फाइली, एलियास_डेटाबेस म्हणजे न्यूएलियासेसने बनवायच्या. मेलमनची फाइल पहिल्यात आहे आणि दुसऱ्यात नाही, अशी मांडणी अगदी सर्रास आढळते. मग तुम्ही फाइल हाताने बदलता, न्यूएलियासेस निमूटपणे यशस्वी होतं, आणि जुनाच .डीबी (फाइलचं रूपांतरित रूप) वापरात राहतो. लॉगमध्ये ‘डेटाबेस इज ओल्डर दॅन सोर्स फाइल’ दिसलं की समजायचं. त्या फाइलवर थेट पोस्टएलियास चालवा.

‘अनसपोर्टेड डिक्शनरी टाइप: हॅश’ असं दिसलं तर तुमच्या पोस्टफिक्समध्ये बर्कली डीबीचा आधार नाही, तक्त्यांच्या नावाआधी हॅशच्या जागी एलएमडीबी लिहा आणि सगळे तक्ते पुन्हा बनवा.

कॅच-ऑल आहे का तेही पाहा. @उदाहरण.कॉम अशी ओळ व्हर्च्युअल_एलियास_मॅप्समध्ये असेल, तर स्वतंत्र ओळ नसलेला प्रत्येक पत्ता ती गिळते. यात ज्यांना मेलबॉक्स आहे अशी माणसंही आली आणि गाळलेला चर्चा-बाउन्सेसही आला. असं असेल तर एरर येतच नाही, पत्र कुणाच्यातरी खात्यात गुपचूप साठत राहतं. लोक मग तक्त्यांचा क्रम बदलून बघतात. त्याने काही होत नाही: पोस्टफिक्स आधी पूर्ण पत्ता सगळ्या तक्त्यांत शोधतो, मगच @डोमेन सगळ्या तक्त्यांत शोधतो. पूर्ण पत्त्याची ओळ कुठल्याही तक्त्यात असली तरी तीच जिंकते, म्हणून उपाय ती ओळ लिहिणं हाच.

पत्ता लोकलपर्यंत पोचला की पुढचा अडसर बहुधा ‘ग्रुप मिसमॅच एरर’. मेलमनचा छोटा रॅपर प्रोग्राम आपल्याला कुठल्या ग्रुपने चालवलं ते बघतो आणि अपेक्षित ग्रुप नसेल तर तिथेच थांबतो. लॉगमध्ये मजकूर असतो: अपेक्षा मेलमन ग्रुपची होती, चालवलं नोबडी ग्रुपने. पोस्टफिक्स हा ग्रुप ठरवतो कसा? पाइपची आज्ञा ज्या एलियास तक्त्यात आहे, त्या तक्त्याच्या मालकाच्या हक्काने ती चालते. मालक रूट असेल तर सुरक्षेसाठी रूटचे हक्क न देता डीफॉल्ट_प्रिव्जमधला वापरकर्ता घेतो, आणि तो मुळात नोबडी असतो. म्हणजे मेलमनच्या ओळी /ईटीसी/एलियासेसमध्ये टाकल्या, की ती फाइल रूटची म्हणून नोबडी. त्याच ओळी मेलमनच्या मालकीच्या वेगळ्या फाइलमध्ये असल्या की मेलमन. म्हणूनच मेलमनची फाइल वेगळी असते, ती काही टापटिपीची हौस नाही.

दुरुस्ती: डेटा/एलियासेस या मूळ फाइलची मालकी मेलमनला द्या आणि पोस्टएलियास पुन्हा चालवा. रूट म्हणून चालवलं तरी पोस्टएलियास मूळ फाइलच्या मालकाचं रूप घेऊन .डीबी बनवतो, त्यामुळे तोही मेलमनचाच होतो. मग एलएस -एल ने .डीबीची मालकी स्वतः बघून घ्या. डीफॉल्ट_प्रिव्ज = मेलमन करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कारण त्याने सर्व्हरवरच्या इतर सगळ्या पाइप आज्ञाही मेलमनच्या हक्काने चालू लागतील. जोडीला मेलमनचा चेक_पर्म्स -एफ चालवून फोल्डरांचे हक्क सरळ करून घ्या. (पोस्टफिक्सऐवजी सेंडमेल वापरणाऱ्यांना याच टप्प्यावर एसएमआरएसएच, म्हणजे ठरावीक आज्ञाच चालू देणारा शेल, आडवा येतो: त्याच्या फोल्डरमध्ये मेलमनच्या रॅपरची लिंक नसली की तो आज्ञा चालवूच देत नाही.)

आता तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे, होकाराची उत्तरं परत येतात त्याकडे. सदस्यत्वाच्या पुष्टीचा पत्ता चर्चा-कन्फर्म+सांकेतिकआकडा@उदाहरण.कॉम असा असू शकतो. बाउन्सचंही तसंच: चर्चा-बाउन्सेस+ आणि पुढे सदस्याचा पत्ता, ज्यात ॲटच्या जागी बरोबरचं चिन्ह असतं. यातून कुठल्या सदस्याचं पत्र परत आलं ते बाउन्सचा मजकूर न वाचताच कळतं. पण अधिकचं चिन्ह हा विभाजक आहे हे पोस्टफिक्सला सांगावं लागतं. रेसिपियंट_डिलिमिटर मुळात रिकामं असतं, आणि रिकामं असताना चर्चा-कन्फर्म+काहीतरी हा पोस्टफिक्सला एक वेगळाच, अनोळखी पत्ता वाटतो. रेसिपियंट_डिलिमिटर = + करा. व्हर्च्युअल एलियासमधून जाताना अधिकनंतरचा भाग पुढच्या पत्त्याला आपोआप जोडला जातो, तेव्हा त्यासाठी वेगळ्या ओळी लागत नाहीत. विभाजक म्हणून वजाचं चिन्ह मात्र घेऊ नका. लिस्टचे सगळे उपपत्ते वजाच्या चिन्हानेच जोडलेले आहेत, आणि एखाद्या उपपत्त्याची ओळ राहून गेली असेल तर ते पत्र थेट मूळ लिस्टवर जाऊन सगळ्या सदस्यांना वाटलं जाईल. कुणाचा तरी लिस्ट सोडण्याचा अर्ज शेकडो लोकांनी वाचलाय असा प्रकार पाहिला असेल तर त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

रांगेत अडकलेल्या पत्रांबद्दल एक बारीक गोष्ट, जी फार कमी ठिकाणी लिहिलेली असते. दुरुस्ती एलियास_मॅप्समध्ये केली असेल, तर पोस्टक्यू -एफ पुरे, कारण लोकल ती फाइल पोचवण्याच्या क्षणी वाचतो. पण दुरुस्ती व्हर्च्युअल_एलियास_मॅप्समध्ये केली असेल, तर रांगेतल्या पत्रांवर तिचा परिणाम होत नाही. त्यांचे पत्ते आत येतानाच ठरून रांगेच्या फाइलमध्ये लिहिले गेलेत. ती पत्रं पोस्टसुपर -आर ने पुन्हा क्लीनअपमधून काढावी लागतात. ‘सगळं दुरुस्त केलं तरी जुनी पत्रं अजून अडकतात’ म्हणून पुन्हा सेटिंग उसकटू नका; आधी नवं पत्र पाठवून बघा.

अमाविससारखा चाळणीचा प्रोग्राम मध्ये असेल तर पत्र क्लीनअपमधून दोनदा जातं आणि व्हर्च्युअल एलियासही दोनदा उलगडतं. ‘चर्चा म्हणजे चर्चा आणि दफ्तर’ अशी स्वतःचाच उल्लेख असलेली ओळ असेल, तर दफ्तरला दोन प्रती जातात. दोनपैकी एका टप्प्यावर रिसीव्ह_ओव्हरराइड_ऑप्शन्समध्ये नो_ॲड्रेस_मॅपिंग्ज द्या. दोन्ही टप्प्यांवर दिलं तर एलियास चालणारच नाही.

मेलमन ३ वर जायचा विचार असेल (२.१ पायथन २ वर चालतं आणि पायथन २ चा अधिकृत आधार २०२० मध्ये संपला, त्यामुळे कधी ना कधी जावं लागेलच), तर वरचं पाइप आणि ग्रुपचं प्रकरण संपूर्ण निकालात निघतं. मेलमन ३ पत्र एलएमटीपीने घेतो, पोर्ट ८०२४ वर, आणि पोस्टफिक्ससाठी पोस्टफिक्स_एलएमटीपी नावाची फाइल स्वतः बनवतो. ती ट्रान्सपोर्ट_मॅप्समध्ये जोडायची. तुमच्यासारख्या मांडणीत तेवढ्याने भागत नाही, कारण दारावरची तपासणी अजून व्हर्च्युअल मेलबॉक्सच बघते. तीच फाइल व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्समध्येही जोडा. तपासणीला फक्त पत्ता आहे की नाही एवढंच हवं असतं, आणि पत्र कुठे जायचं ते ट्रान्सपोर्ट ठरवतो. त्याची पोस्टफिक्स_डोमेन्स फाइल मात्र रिले_डोमेन्समध्ये जोडू नका, कारण डोमेन आधीच दुसऱ्या वर्गात आहे. ‘८०२४: कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे मेलमन चालू नाही किंवा वेगळ्या कंटेनरमध्ये वेगळ्या पत्त्यावर ऐकतोय. मेलमनकडूनच ५५० आला तर पोस्टफिक्सचं काम बरोबर झालंय, फक्त त्या नावाची लिस्ट मेलमनला माहीत नाही. बहुधा लिस्टचं डोमेन वेगळं लिहिलं गेलेलं असतं.

‘एवढी कटकट कशाला, एलियासमध्येच पन्नास पत्ते लिहून टाकतो’ हा विचार मनात येतोच. अंतर्गत दोन-चार माणसांसाठी ठीक. बाहेरचे पत्ते असतील तर नको. साध्या एलियासमध्ये लिफाफ्यावरचा प्रेषक मूळ माणूसच राहतो. आरएफसी ५३२१ या मेल पाठवण्याच्या मानकात एलियास आणि लिस्ट यांच्यातला फरक हाच सांगितलाय. म्हणजे पत्र तुमच्या सर्व्हरवरून निघतं, प्रेषक दुसऱ्याच डोमेनचा दिसतो, आणि समोरची एसपीएफ तपासणी फसते. शिवाय बाउन्सं लिस्टच्या चालकाकडे न येता बिचाऱ्या लिहिणाऱ्यावर कोसळतात. मेलमन प्रेषक बदलतो, त्यामुळे हा त्रास टळतो. पण विषयाच्या आधी चौकटी कंस किंवा शेवटी तळटीप घातली की डीकेआयएमची सही मोडते, आणि प्रेषकाच्या डोमेनचं डीमार्क धोरण रिजेक्ट असेल तर पत्र नाकारलं जातं. एप्रिल २०१४ मध्ये याहूने असं धोरण लावल्यावर जगभरच्या लिस्टा याच कारणाने आजारी पडल्या होत्या. मेलमन २.१.१८ पासून डीमार्क_मॉडरेशन_ॲक्शन आहे. ते ‘मंज फ्रॉम’ वर ठेवा, म्हणजे पत्रावर प्रेषक म्हणून लिस्टचा पत्ता येतो. दुरुस्तीनंतर फक्त काही सदस्यांनाच पत्र पोचत नसेल, तर एलियासकडे परत न जाता इथे बघा.

तुमच्यासाठी क्रम: सॉफ्ट_बाउन्स चालू, व्हर्च्युअल_मेलमन_लोकल_डोमेन आणि जेनएलियासेस, दोन्ही तक्ते मेन.सीएफमध्ये, डिलिमिटर, रीलोड, मग -क्यूने तपासणी. लॉगमध्ये ‘डिलिव्हर्ड टू कमांड’ दिसलं आणि बाहेरच्या एखाद्या खात्यातून सदस्यत्व घेऊन होकार पोचला, की सॉफ्ट_बाउन्स आठवणीने बंद करा. ते चालू राहिलं तर चुकीच्या पत्त्यांवरचे मेल पाठवणाऱ्यांच्या रांगांत दिवसेंदिवस लोंबकळत राहतील. आणि ५५० ने परत गेलेली मधल्या काळातली पत्रं तुमच्या सर्व्हरवर कुठेच नाहीत, तेव्हा लिस्ट सुरू झाली की सदस्यांना ती पुन्हा पाठवायला सांगा.